शेरीफच्या खांद्यावर शाल घालण्याआधी : अमेरिकेतल्या मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि कार्यकारिणी सदस्य,
अमेरिकेतली मराठी मंडळे

सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सवाच्या मिरवणुकीसाठी रस्ता बंद करून हवा असतो, ढोल-ताशाला परवानगी हवी असते, आणि मग पाहुण्यांच्या यादीत काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, शेरीफचे नाव येते. शेरीफ गणवेशात येतो, आरतीला उभा राहतो, शाल-श्रीफळ स्वीकारतो, दोन शब्द बोलतो, फोटो होतो. दोन महिन्यांनी त्याचेच नाव मतपत्रिकेवर असते. समोर कोण उभे आहे हे मंडळात कुणाला सांगता येत नाही. मंडळाच्या ‘उमेदवारांना भेटा’ कार्यक्रमात अमेरिकी काँग्रेसचे, म्हणजे इथल्या संसदेचे, उमेदवार येतात, शाळा मंडळाचे येतात, शेरीफपदाचे मात्र बोलावलेलेच नसतात. ही उपेक्षा आता गप्प बसून पाहवत नाही. पत्र मंडळांना आहे, पण ते मतदारांनीही वाचावे म्हणून जाहीर लिहीत आहोत.

थोडा दोष शब्दाचाही असावा. मुंबईकराला शेरीफ म्हटले की नगरपाल आठवतो : सरकारने नेमलेली नामवंत व्यक्ती, वर्षभराचा मान, पाहुण्यांचे स्वागत. १९८० साली दिलीपकुमार होते, पुढे सुनील गावसकरही झाले. त्या पदाला शाल शोभते. अमेरिकेतला शेरीफ हे वेगळेच प्रकरण आहे. जिल्ह्याचा पोलीस अधीक्षक, तुरुंग अधीक्षक आणि दिवाणी न्यायालयाच्या बेलिफांचा मुकादम असे तिघे एका खुर्चीत बसवले की साधारण शेरीफ होतो. आपल्याकडच्या अधीक्षकाची सरकार बदली करते. शहराच्या पोलीसप्रमुखाला महापौर किंवा सिटी मॅनेजर घरी पाठवू शकतो. शेरीफला वरिष्ठच नाही. काउंटीचे बोर्ड त्याच्या खात्याला पैसे देते, पण ते पैसे आतल्या आत कसे वाटायचे आणि माणसे कुठे लावायची, हे बहुतेक ठिकाणी तोच ठरवतो. देशात सुमारे ३,००० शेरीफ आहेत आणि ४६ राज्यांत ते निवडून येतात. म्हणजे त्याला नेमणारे तुम्ही-आम्ही.

यात आमचे काय अडले, तेही सांगतो. आम्ही या काउंट्यांत घरे घेतली आहेत, मालमत्ता कर भरतो. शेरीफच्या कार्यालयाविरुद्ध दावा लागला की भरपाई काउंटीच्या तिजोरीतून किंवा तिने काढलेल्या विम्यातून जाते. ॲरिझोनातल्या मॅरिकोपा काउंटीत ज्यो अर्पायो १९९३ ते २०१६ अखेर शेरीफ होते. त्यांच्या खात्याने वाहने अडवताना वंशाच्या आधारावर भेदभाव केला, असे फेडरल न्यायालयाने २०१३ मध्ये ठरवले. मतदारांनी त्यांना २०१६ मध्ये पाडले, पण न्यायालयाने नेमलेल्या देखरेखीचा आणि सुधारणांचा खर्च त्यानंतरही अनेक वर्षे करदात्यांच्या मानगुटीवर बसला आहे.

आता तक्रारी.

पहिली तक्रार अशी की आपल्या काउंटीत शेरीफ नेमके काय करतो, हे मंडळ सांगतच नाही. बातमीपत्रात कधी उल्लेख झालाच तर ‘कायदा-सुव्यवस्था राखणारा अधिकारी’ एवढाच. हे वर्णन कुठल्याच काउंटीला धड बसत नाही. व्हर्जिनियातल्या दोन शेजारच्या काउंट्या घ्या. फेअरफॅक्समध्ये काउंटीचे वेगळे पोलीस खाते आहे. तिथला शेरीफ तुरुंग सांभाळतो, कोर्टाची सुरक्षा पाहतो, समन्स बजावतो. सीमा ओलांडून लाउडनमध्ये, ॲशबर्नला गेलात की ९११ लावल्यावर दारात जो येतो तो शेरीफचाच डेप्युटी, म्हणजे त्याच्या हाताखालचा पोलीस. लीसबर्गसारख्या गावांचे स्वतःचे पोलीस सोडले तर लाउडनमध्ये गस्तही त्याची आणि तपासही त्याचा. पद एकच, मतपत्रिकेवरची ओळ एकच, पण दोन्हीकडच्या उमेदवारांना विचारायचे प्रश्न वेगळे.

कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीत हा फरक रस्त्यागणिक दिसतो. क्युपर्टिनोचे स्वतःचे पोलीस खाते नाही. नगरपालिका शेरीफला पैसे मोजून गस्त विकत घेते. शेजारच्या सनीव्हेलचे स्वतःचे खाते आहे आणि तिथे पोलीस व अग्निशमन एकाच छत्राखाली चालतात. म्हणून सनीव्हेलचा मराठी मतदार म्हणतो, शेरीफशी माझा काय संबंध? संबंध असा की सनीव्हेलमध्ये पकडलेला माणूस काउंटीच्या तुरुंगात जातो आणि तो तुरुंग शेरीफचा असतो. काउंटीतला प्रत्येक मतदार शेरीफसाठी मत देतो, त्याच्या गावाचे पोलीस वेगळे असोत वा नसोत. मिशिगनमध्ये ओकलंड काउंटीतले रोचेस्टर हिल्स आणि वॉशिंग्टन राज्यातले समामिश हीसुद्धा शेरीफकडून गस्त विकत घेणारी शहरे आहेत.

न्यू जर्सीत चित्र आणखी वेगळे. एडिसनमध्ये गस्त टाउनशिपच्या पोलिसांची. मिडलसेक्स काउंटीचा तुरुंगसुद्धा शेरीफकडे नाही, काउंटीच्या सुधारगृह खात्याकडे आहे. शेरीफकडे कोर्टाची सुरक्षा, दिवाणी आदेशांची बजावणी आणि कर्ज थकलेल्या घरांचे लिलाव. ‘शेरीफ सेल’ला घर घ्यायला जाणारे आपल्यात बरेच आहेत. तो लिलाव चालवणारा आपल्याच मतावर निवडून येतो, हे मात्र त्यांच्या गावी नसते.

आणि काही ठिकाणी मत द्यायचा प्रश्नच येत नाही. वॉशिंग्टन राज्यातली रेडमंड-बेलव्ह्यू ज्या किंग काउंटीत येतात, तिथल्या मतदारांनी २०२० मध्ये कौल देऊन हे पद नियुक्तीचे केले. तिथे शेरीफबद्दल जाब विचारायचा तो काउंटी एक्झिक्युटिव्हला आणि काउंटी कौन्सिलला. न्यूयॉर्क शहराचा शेरीफ महापौर नेमतो आणि तो चक्क वित्त खात्यात बसतो. उलट मायामी-डेडमध्ये अनेक दशकांनी २०२४ मध्ये शेरीफ पुन्हा निवडून आला. एकाच मजकुराचे पत्रक देशभर फिरवून भागत नाही, ते यामुळे.

दुसरी तक्रार वेळापत्रकाची. मंडळांना निवडणूक आठवते ती ऑक्टोबरात, आणि तीही राष्ट्राध्यक्षपदाच्या वर्षी. टेक्सस, जॉर्जिया, मिशिगन, ओहायो, फ्लोरिडा, ॲरिझोना इथे शेरीफ त्या वर्षी निवडला जातो, हे खरे. पण नॉर्थ कॅरोलायना, इलिनॉय, मिनेसोटा, मेरीलँडमध्ये तो ‘मध्यावधी’च्या, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाच्या दोन निवडणुकांच्या मधल्या वर्षी असतो : २०२२, २०२६. व्हर्जिनियात विषम वर्षी : २०२३, २०२७. पेनसिल्व्हेनियातही विषम वर्षी, काउंटीगणिक आलटून-पालटून. मुदत बहुतेक ठिकाणी ४ वर्षे, पण न्यू हॅम्पशायरमध्ये २, न्यू जर्सीत ३ आणि मॅसॅच्युसेट्समध्ये ६. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कायदा करून ही निवडणूक राष्ट्राध्यक्षपदाच्या वर्षाला जोडली. त्यामुळे २०२२ साली निवडून आलेल्या तिथल्या बहुतेक शेरीफांना एकदाच ६ वर्षांची मुदत मिळाली. पुढची संधी २०२८.

त्यातही खरी लढत बऱ्याचदा नोव्हेंबरात नसतेच. जी काउंटी एकाच पक्षाची आहे तिथे निकाल प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या मतदानात लागतो. टेक्सस आणि नॉर्थ कॅरोलायनात प्रायमरी मार्चमध्ये असते, तेव्हा मंडळे हळदीकुंकू उरकून पाडव्याच्या तयारीला लागलेली असतात. आपल्यातले पुष्कळ लोक नोंदणी करताना ‘कुठलाही पक्ष नाही’ या खान्यावर खूण करतात. नॉर्थ कॅरोलायनात अशा मतदाराला कुठल्याही एका पक्षाची प्रायमरी निवडता येते. टेक्ससमध्ये नोंदणीत पक्षच नसतो. पण फ्लोरिडा आणि पेनसिल्व्हेनियात प्रायमरी बंदिस्त आहे, पक्ष लिहिला नसेल तर शेरीफचा उमेदवार ठरवण्यात सहसा तुम्हाला मत नाही. अशा काउंटीत नोव्हेंबरात जे उरते ते अनेकदा बिनविरोध नाव. आणि मतपत्रिकेवर ते इतके खाली असते की लोक वरचे चार खाने भरून कागद टाकून येतात.

तिसरी तक्रार तुरुंगाबद्दलच्या मौनाची. शेरीफच्या कामातला सर्वांत मोठा आणि कुणी न पाहिलेला भाग हाच. इथे ‘जेल’ आणि ‘प्रिझन’ एक नव्हेत. प्रिझन राज्याचे किंवा केंद्राचे, शिक्षा लागलेल्यांसाठी. काउंटी जेलमध्ये मुख्यतः खटल्याची वाट पाहणारे, जामीन न भरू शकलेले आणि सहसा वर्षभराच्या आतली शिक्षा असलेले लोक असतात. कुठल्याही दिवशी तिथल्या निम्म्याहून बऱ्याच अधिक लोकांवर अजून गुन्हा शाबीत झालेला नसतो.

‘आपली माणसे तिथे जात नाहीत’ हा गैरसमज आहे. दारू पिऊन गाडी चालवताना पकडलेला तरुण तिथे जातो. नवरा-बायकोच्या भांडणात शेजाऱ्याने ९११ लावला आणि मारहाणीचे सकृद्दर्शनी कारण दिसले तर कित्येक राज्यांत पोलिसांना अटक करावीच लागते, तक्रार मागे घेतो म्हणून भागत नाही. मग ती रात्र काउंटी जेलमध्ये. मधुमेहाच्या रुग्णाला इन्सुलिन किती तासांत मिळते, रक्तदाबाच्या गोळ्या घरून चालतात का, इंग्रजी न येणाऱ्या आईवडिलांना दुभाषा मिळतो का, या सगळ्याची उत्तरे शेरीफच्या कार्यपद्धतीत लिहिलेली असतात. अगर लिहिलेली नसतात.

स्थानिक तुरुंगांतल्या मृत्यूंमध्ये आत्महत्या हे एक प्रमुख कारण आहे, आणि धोका पहिल्या काही दिवसांत सर्वांत जास्त. नशेची सवय अचानक तुटल्याने जीव जातो तोही याच काळात. म्हणून फेऱ्यांचे नियम असतात. टेक्ससमध्ये प्रत्येक कैद्याला तासातून किमान एकदा समक्ष पाहायचे, आत्महत्येचा संशय किंवा मनोविकार असलेल्यांना अर्ध्या तासातून एकदा. नॉर्थ कॅरोलायनात तासातून दोन फेऱ्या, ठरावीक वेळी नव्हे तर मागे-पुढे, आणि दोन फेऱ्यांत ४० मिनिटांहून जास्त अंतर नको. विशेष लक्ष ठेवायच्या कैद्यांसाठी तासातून चार. बिघडते ते इथे. जागा रिकाम्या असतात, एक डेप्युटी दोन मजले सांभाळतो, सलग दुसरी पाळी करतो, आणि मग फेरी न मारताच नोंदवहीत वेळ टिपली जाते. कॅमेरा आणि नोंदवही जुळवून कुणी पाहत नाही, तोवर कागदावर सगळे व्यवस्थित असते.

दुसरा बिघाड वैद्यकीय कराराचा. अनेक काउंट्या तुरुंगातले औषधपाणी खासगी कंपनीला ठरावीक रकमेत देतात. रक्कम ठरावीक असेल आणि बाहेरच्या रुग्णालयाचा खर्च त्यातूनच भागवायचा असेल, तर रुग्णाला बाहेर पाठवणे कंपनीला परवडत नाही. करारात हा खर्च कुणाच्या माथी आहे, ते एक कलम वाचले तरी खूप काही कळते.

पैशाच्या वाटा कायद्याने किती विचित्र करून ठेवलेल्या असू शकतात, हे अलाबामात दिसले. कैद्यांच्या जेवणासाठी राज्य माणशी दिवसाला पावणेदोन डॉलर देई, आणि उरलेला पैसा शेरीफ स्वतःकडे ठेवू शकतो, असा जुन्या कायद्याचा अर्थ लावला जाई. इटोवा काउंटीच्या शेरीफने अशा रीतीने साडेसात लाख डॉलरहून अधिक रक्कम घेतल्याचे २०१८ मध्ये उघड झाले. त्याच वर्षीच्या प्रायमरीत तो हरला आणि २०१९ मध्ये कायदा बदलला. बाकी राज्यांत इतके उघड नसते. कँटीनच्या विक्रीचे आणि फोनचे पैसे कुणाकडे जातात, दुसऱ्या यंत्रणांचे कैदी दिवसाच्या भाड्याने ठेवून काउंटी किती मिळवते, हे अंदाजपत्रकात शोधावे लागते.

चौथी तक्रार सर्वांत नाजूक विषयाची, इमिग्रेशनची. मंडळांच्या व्हॉट्सॲप गटांवर यावर अफवा फिरतात आणि कार्यकारिणी ‘राजकारण नको’ म्हणून हात झटकते. आम्ही कुठल्या बाजूचे मत द्या असे सांगत नाही. पण वस्तुस्थिती सांगणे हे राजकारण नव्हे.

कुठल्याही काउंटी जेलमध्ये नोंद करताना घेतलेले बोटांचे ठसे एफबीआयकडे जातात आणि तिथून आपोआप इमिग्रेशन यंत्रणेपर्यंत पोचतात. शेरीफ कुठल्याही पक्षाचा असो, हे होतेच. शेरीफच्या हातात येते ते त्यापुढचे. आइस, म्हणजे इमिग्रेशन कायदा राबवणारी केंद्राची यंत्रणा, त्याला ‘डिटेनर’ पाठवते, म्हणजे सुटकेची वेळ झाल्यावरही या माणसाला ४८ तासांपर्यंत धरून ठेवा अशी मागणी. तिच्यामागे बहुधा न्यायाधीशाच्या सहीचे वॉरंट नसते, आइसच्याच अधिकाऱ्याची सही असते. अशी मागणी बंधनकारक नाही, विनंती आहे, असे फेडरल अपील न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटले. त्याहून पुढची पायरी म्हणजे १९९६ च्या कायद्यातल्या ‘२८७-जी’ कलमाखालचा करार, ज्यात शेरीफचे डेप्युटी स्वतःच इमिग्रेशनचे काही काम करतात. यातला तुरुंगापुरता प्रकार वेगळा आणि रस्त्यावर काम करणारा वेगळा. दुसरा २०१२ मध्ये बंद झाला होता, २०२५ पासून पुन्हा सुरू झाला.

मत किती थेट लागू पडते याचे उदाहरण नॉर्थ कॅरोलायनातली वेक काउंटी. केरी, मॉरिसव्हिल, एपेक्स इथली आपली वस्ती याच काउंटीत. २०१८ मध्ये तिथल्या मतदारांनी अनेक वर्षांचा शेरीफ बदलला आणि नव्या शेरीफने पदावर येताच २८७-जी करार संपवला. शार्लटच्या मेक्लेनबर्ग काउंटीतही त्याच वर्षी तेच झाले, आणि अटलांटाजवळच्या ग्विनेट व कॉब काउंट्यांत २०२० च्या निवडणुकीनंतर. केरीच्या रहिवाशाला वाटते आपले पोलीस वेगळे, पण केरीत अटक झालेला माणूस वेकच्याच तुरुंगात जातो.

पण याला दुसरी बाजू आहे, आणि उमेदवार ती सांगत नाहीत. राज्याचा कायदा शेरीफचे हात बांधू शकतो. नॉर्थ कॅरोलायनाने २०२४ मध्ये डिटेनर पाळणे शेरीफांना बंधनकारक केले. टेक्ससने २०१७ मध्ये तेच केले आणि २०२५ मध्ये तुरुंग चालवणाऱ्या शेरीफांना करार करायला लावणारा कायदा केला. उलट कॅलिफोर्नियात २०१८ पासून असे करार करताच येत नाहीत, आणि इलिनॉयमध्ये केवळ डिटेनरवर माणूस धरून ठेवता येत नाही. तेव्हा डॅलसच्या उपनगरातला उमेदवार ‘मी आइसशी संबंध तोडीन’ म्हणाला, किंवा शिकागोच्या उपनगरातला ‘मी करार करीन’ म्हणाला, तर त्याला शांतपणे विचारावे : कुठल्या कलमाखाली?

अशी काही माणसे आहेत जी मानतात की काउंटीत शेरीफच्या वर कुणीच नाही, केंद्राचा किंवा राज्याचा कायदा घटनेला धरून आहे की नाही हेही तोच ठरवणार. हा दावा न्यायालयांनी मान्य केलेला नाही. तरी उमेदवाराला थेट विचारून ठेवावे की राज्याने केलेला एखादा कायदा पटला नाही तर तो राबवणार का.

पाचवी तक्रार सबबीची. ‘आमचे मंडळ करमुक्त आहे, आम्हाला निवडणुकीला हात लावता येत नाही.’ हे अर्धसत्य आहे. ‘५०१-सी-३’ प्रकारच्या करमुक्त संस्थेला कुणाचा प्रचार करता येत नाही, कुणाला पाठिंबा देता येत नाही, कुणाच्या प्रचाराला पैसे देता येत नाहीत. पण मतदारांना माहिती देणे, नोंदणी करून घेणे आणि सर्व उमेदवारांना समान संधी देणारी सभा भरवणे याला पूर्ण मुभा आहे. अटी साध्या : सर्वांना एकाच मजकुराचे निमंत्रण, सारखा वेळ, तेच प्रश्न, सूत्रसंचालकाने मत व्यक्त करायचे नाही, आणि संस्था कुणाचेही समर्थन करत नाही हे सुरुवातीलाच सांगायचे. गंमत अशी की नियमाच्या जास्त जवळून जातो तो सत्कारच. पदावर असलेल्या शेरीफला अधिकारी म्हणून बोलावता येते, पण त्याने उमेदवारीचा उल्लेख केला, किंवा सूत्रसंचालक उत्साहात ‘नोव्हेंबरात यांना लक्षात ठेवा’ म्हणून गेला, तर अडचण मंडळाची. म्हणजे जे करायला हरकत नाही ते तुम्ही टाळता आणि ज्यात जपून वागायला हवे ते दरवर्षी थाटात करता.

‘आमचे शेरीफ पंचवीस वर्षे आहेत, चांगलेच असणार’ हेही ऐकू येते. सांता क्लारात लॉरी स्मिथ १९९८ पासून निवडून येत होत्या. शस्त्रपरवान्यांच्या वाटपात मर्जीतल्यांना झुकते माप दिल्याच्या आणि इतर आरोपांवरून त्यांच्यावर पदच्युतीचा खटला चालला. ऑक्टोबर २०२२ अखेर त्यांनी राजीनामा दिला आणि चारच दिवसांत ज्युरीने त्यांना गैरवर्तनाबद्दल दोषी ठरवले. शेजारच्या सॅन मटेओत तर निवडून आलेल्या शेरीफला हटवण्याचा अधिकार बोर्डाला मिळावा म्हणून मार्च २०२५ मध्ये वेगळे मतदान घ्यावे लागले, आणि ऑक्टोबरात बोर्डाने तो वापरला. एकदा बसवलेला शेरीफ मुदतीआधी उठवायला किती सायास लागतात, ते यावरून दिसते.

उमेदवारांना विचारायचे प्रश्न आम्ही इथेच देतो, म्हणजे समिती नेमण्यात वेळ जायला नको. गेल्या चार वर्षांत तुरुंगात किती मृत्यू झाले, प्रत्येकाचा तपास कुणी केला? कॅलिफोर्नियाच्या ५८ पैकी ४८ काउंट्यांत शेरीफच कॉरोनरही असतो, म्हणजे त्याच्याच कोठडीतल्या मृत्यूचे कारण त्याचेच कार्यालय ठरवते. तिथे हा प्रश्न पहिला. मंजूर जागा किती, भरलेल्या किती, ओव्हरटाइमवर किती खर्च? शेवटच्या राज्य तपासणीत काय त्रुटी निघाल्या? कोर्टाचा संरक्षण आदेश पीडितेच्या नवऱ्याला बजावायला सरासरी किती दिवस लागतात, किती आदेश बजावल्याविना पडून आहेत, आणि आदेशानंतर त्याच्याकडची बंदूक कोण ताब्यात घेते? आपल्या समाजातल्या बायकांसाठी या शेवटच्या प्रश्नाइतका महत्त्वाचा दुसरा नाही. डेप्युटीने बळ वापरले की अहवाल कोण तपासतो, अंगावरच्या कॅमेऱ्याचे चित्रण किती दिवसांत जाहीर होते? प्रचाराला कुणी पैसे दिले, त्यात जामीनदार कंपन्या, तुरुंगाचे कंत्राटदार किंवा डेप्युटींची संघटना आहे का? देणग्यांची यादी काउंटीच्या किंवा राज्याच्या निवडणूक कार्यालयात पाहायला मिळते. सभेला जाण्याआधी ती छापून न्यावी.

‘गुन्हेगारीबाबत कठोर राहू’ या उत्तराला उत्तर समजू नये. खटला भरायचा की नाही हे जिल्हा वकील ठरवतो, शिक्षा न्यायाधीश देतो. शेरीफ कठोर राहणार म्हणजे कुठली माणसे कुठे लावणार, हे सांगायला लावावे.

आमच्या मागण्या या :

शेरीफपदाची निवडणूक ज्या वर्षी असेल त्या वर्षी, उमेदवारी अर्जांपासून निकालापर्यंत, त्या पदाच्या कुठल्याही उमेदवाराचा सत्कार मंडळाच्या मंचावर करू नये. बंदोबस्तासाठी अर्ज करावा, शुल्क भरावे, आणि कामावर आलेल्या डेप्युटींचे पत्राने आभार मानावेत.

प्रायमरीच्या किमान दोन महिने आधी सभासदांना एक पान पाठवावे : आपल्या काउंटीत शेरीफ निवडला जातो का, कोणत्या गावांत त्याची गस्त आहे, तुरुंग कुणाकडे, मुदत किती, प्रायमरीत कोण मत देऊ शकतो, नोंदणीची अखेरची तारीख, आणि सर्व उमेदवारांची नावे.

सभा प्रायमरीआधी भरवावी. लढत एकतर्फी झाल्यावर ऑक्टोबरात भरवलेल्या सभेला फारसा अर्थ नाही. वर दिलेले प्रश्न आधी लेखी पाठवावेत, उत्तरे एका शब्दाचाही फेरफार न करता छापावीत, आणि ज्याने उत्तर दिले नाही त्याच्या नावापुढे ‘उत्तर आले नाही’ एवढेच लिहावे.

त्या पानावर आणखी एक चौकट ठळक छापावी. इथल्या नागरिकांनाच काउंटीच्या निवडणुकीत मत आहे. लायसन्स काढताना नागरिकत्वाच्या प्रश्नावर चुकून खूण होऊन मतदार यादीत नाव गेले आणि ग्रीन कार्डधारकाने मत दिले, तर ते त्याच्या इथल्या वास्तव्यावर बेतू शकते. ग्रीन कार्डधारक प्रचाराला देणगी देऊ शकतो, एच-१बी वरची व्यक्ती देऊ शकत नाही, एक डॉलरही नाही. सभेला येऊन प्रश्न मात्र कुणीही विचारू शकतो, आणि या विषयात ज्यांना मत नाही त्यांच्याकडेच विचारण्यासारखे सर्वांत जास्त असते.

हा विषय येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, ठराव मंजूर वा नामंजूर जे होईल ते मतसंख्येसह बातमीपत्रात छापावे. नामंजूर झाला तर कारणही छापावे.

आपले,
अमेरिकेतले काही मराठी मतदार